ईएक्स हायड्रीतल्या श्वेतबटूचा कक्षीय वेग: न्यूअथेनासाठी सिम्युलेशन करताना फिट जुळत नाही

कलिना_सत्र४

नमस्कार. एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्राचा प्रकल्प आहे. विषय: निकटच्या द्वैती ताऱ्यांतले वेग मोजण्यासाठी येणाऱ्या क्ष-किरण दुर्बिणी किती उपयोगी पडतील. वस्तू म्हणून वासुकी तारकासमूहातला ईएक्स हायड्री घेतला आहे. अंतर सुमारे ५७ पार्सेक, चुंबकी श्वेतबटू आणि लाल बटू अशी जोडी. कक्षेचा काळ ९८.२६ मिनिटं, श्वेतबटूची स्वतःभोवतीची फिरकी ६७.०३ मिनिटं. चंद्रा दुर्बिणीच्या २००० सालच्या ग्रेटिंग वर्णपटांवरून श्वेतबटूच्या कक्षीय वेगाचा आयाम ५८.२ ± ३.७ किमी/से मिळाला होता. तोच आकडा न्यूअथेना या युरोपच्या आगामी क्ष-किरण दुर्बिणीवरच्या एक्स-आयएफयू कॅलोरिमीटरने (फोटॉनने होणाऱ्या तापण्यावरून ऊर्जा मोजणारं उपकरण) किती नेमका मिळेल, हे काढायचं आहे.

आतापर्यंत केलंय ते असं: एक्सस्पेकमध्ये (क्ष-किरण वर्णपट फिट करण्याची प्रणाली) बीएपेक हे तप्त वायूचं मॉडेल, तापमान ५ केईव्ही, रेडशिफ्ट म्हणजे रेषांची सरक ०.०००१९३ (५८ भागिले प्रकाशवेग), फेकइट या बनावट वर्णपट बनवणाऱ्या आज्ञेने २० किलोसेकंदांचा एकच वर्णपट. मग तोच वर्णपट फिट केला. रेडशिफ्ट कधी शून्यावर अडकतो, कधी भलतीकडे उडी मारतो.

प्रश्न चार.
१) चूक कुठे आहे?
२) निरीक्षणकाळ किती धरावा?
३) मूळ अथेनाच्या आराखड्यात विभेदनक्षमता २.५ ईव्ही होती, न्यूअथेनात ४ ईव्ही धरली आहे. त्यामुळे हा प्रकल्पच निरर्थक होतो का?
४) अ‍ॅस्ट्रोसॅटचा डेटा यात कुठे वापरता येईल का? या भारतीय उपग्रहावरची एलएक्सपीसी (क्ष-किरण मोजणारा वायूचा डिटेक्टर) आणि एसएक्सटी (मऊ क्ष-किरणांची दुर्बीण) ही दोन्ही उपकरणं कुलाब्याला टीआयएफआरमध्येच घडली, त्यामुळे मार्गदर्शन जवळ मिळेल असं वाटतं.

लॅपटॉप १६ जीबी रॅमचा आहे.

---

फेकइट_ते_फिट

पहिल्या प्रश्नापुरतं सांगतो. तुमच्या फिटमध्ये तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र बिघडल्या आहेत, म्हणून एक सुधारली तरी फरक दिसत नसेल.

एक. एपेक कुटुंबातल्या मॉडेलांत रेडशिफ्ट सुरुवातीला गोठवलेला असतो. मोकळा केलात तरी त्याची पायरी तुमच्या आकड्याच्या मानाने फार मोठी राहते. तुम्हाला हवा आहे ०.०००१९३, आणि फिट चाचपडतं त्याच्या पन्नासपट अंतरावर. पायरी ०.०००००१ करा आणि वरची-खालची मर्यादा ±०.००३ ठेवा. उड्या तिथेच थांबतील.

दोन. एपेक आणि बीएपेक रेषांना औष्णिक रुंदी आपोआप देत नाहीत. 'एक्ससेट एपेकथर्मल येस' ही ओळ वर्णपट तयार करण्याआधी द्यावी लागते. ती नसेल तर लोखंडाच्या रेषा सुईसारख्या बारीक निघतात आणि चुकीची पट्टी (एरर बार) फारच छोटी दिसते. बीएपेकमधला वेगाचा पॅरामीटर हा वेगळा आहे, तो खळबळीसाठी. औष्णिक रुंदी त्यात हाताने घालू नका, कारण ती प्रत्येक मूलद्रव्याची वेगळी असते: लोखंडाची कमी, ऑक्सिजनची जास्त.

तीन. हे तिसरं या प्रकारच्या ताऱ्यांत नेहमी नडतं. श्वेतबटूवर पडणारा वायू धक्क्यात तापतो आणि खाली सरकताना थंड होत जातो. म्हणजे एकच तापमान नाही, पूर्ण उतार आहे. ५ केईव्हीच्या एका तापमानाने रेषांचं प्रमाण खोटं येतं. एमकेसीफ्लो (थंड होत जाणाऱ्या वायूचं मॉडेल) घ्या आणि स्विच २ ठेवा, म्हणजे अ‍ॅटमडीबीच्या रेषा वापरल्या जातील. पण यात एक खोच आहे. हे मॉडेल मुळात आकाशगंगांच्या समूहांसाठी लिहिलेलं, त्यामुळे त्याचं नॉर्मलायझेशन रेडशिफ्टवरून अंतर काढतं. रेडशिफ्ट शून्य ठेवलात तर वस्तुमान पडण्याचा दर निरर्थक येतो. डॉप्लरसाठी तोच रेडशिफ्ट हलवलात तर रेषा सरकायच्या ऐवजी ताराच दूर-जवळ होतो. म्हणून रेडशिफ्ट ५७ पार्सेकला शोभेल असा, साधारण ०.०००००००१३३ (हबल स्थिरांक ७० धरून), कायमचा गोठवा. डॉप्लर सरक बाहेरून 'व्हीअ‍ॅशिफ्ट' लावून द्या. त्यात आकडा थेट किमी/से मध्ये जातो.

आणि सांख्यिकी: काय-स्क्वेअर नको, सी-स्टॅट (मोजक्या फोटॉनसाठीची कसोटी) वापरा. दोन ईव्हीच्या खान्यात पाच-सात फोटॉन असताना काय-स्क्वेअर रेषेचं केंद्र आणि उंची दोन्ही ओढतं. गट पाडायचेच तर एफटीग्रुपपीएचए मधला इष्टतम गटांचा पर्याय पुरे. 'किमान २५ फोटॉन' हा जुना नियम इथे रेषा पुसून टाकतो.

१६ जीबीची काळजी नको. एक्स-आयएफयूची प्रतिसाद-फाइल जड असते, पण वेगासाठी ६.२ ते ७.२ केईव्ही एवढाच पट्टा ठेवलात तर फिट सेकंदांत होतं.

---

फेज_आणि_फोटॉन

वरच्या तिन्ही दुरुस्त्या बरोबर आहेत, पण त्या केल्यावरही मूळ अडचण राहील. तुम्ही एका ठरावीक वेगाने सरकलेला वर्णपट बनवलात. तारा तसा वागत नाही. २० किलोसेकंदांत ईएक्स हायड्रीच्या सुमारे ३.४ प्रदक्षिणा होतात. रेषा कधी निळीकडे, कधी तांबडीकडे जाते आणि सरासरी जवळजवळ शून्यावर येते. ५८ किमी/से चा आयाम त्या एका वर्णपटात केंद्राच्या सरकण्यात दिसणारच नाही. फक्त रेषा किंचित रुंदावेल. किती? आयाम भागिले √२, म्हणजे ४१ किमी/से. त्याच्या शेजारी लोखंडाची औष्णिक रुंदी बघा. हेलियमसारख्या लोखंडाची ६.७ केईव्हीची रेषा सुमारे ५.४ केईव्ही तापमानाला सर्वांत जोमात असते. तिथे लोखंडाच्या अणूंच्या वेगाचा सिग्मा (पसारा) ९६ किमी/से येतो. ९६ आणि ४१ वर्गाने मिळवले तर १०४. या आठ टक्क्यांतून कक्षा शोधणं अशक्य आहे.

म्हणून फेजनुसार, म्हणजे तारा कक्षेत कुठे आहे त्यानुसार, तुकडे करा. निकटच्या द्वैती ताऱ्यांत उपकरणाचा कस लागतो तो इथे. आणि यातच तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे.

५८ किमी/से म्हणजे ६.७ केईव्हीला १.३ ईव्ही सरक. औष्णिक रुंदी अर्ध्या उंचीवर मोजली तर ५.१ ईव्ही. त्यात उपकरणाचे ४ ईव्ही वर्गाने मिळवले की ६.५ ईव्ही. उपकरण २.५ ईव्हीचं असतं तर ५.७ ईव्ही. फरक १२ टक्के, बस. या ताऱ्याला विभेदनक्षमतेची उणीव भासतच नाही, कारण तो स्वतःच रेषा रुंद करून पाठवतो. उणीव आहे फोटॉनची. केंद्राची चूक फोटॉनसंख्येच्या वर्गमुळाने घटते, त्यामुळे दहापट फोटॉन आले तर अचूकता तिपटीहून जास्त सुधारते. सध्या काम करत असलेल्या एक्सरिझम या जपानी दुर्बिणीच्या रिझॉल्व्ह कॅलोरिमीटरचं परिणामकारक क्षेत्रफळ ६ केईव्हीला सुमारे १८० चौ.सेमी आहे. न्यूअथेनाचा आरसा १ केईव्हीला एक चौरस मीटरच्या घरातला; ७ केईव्हीला तो बराच उतरतो, म्हणून तुमच्या अंदाजात जाहिरातीतला एक चौरस मीटर धरू नका, एआरएफ (ऊर्जेनुसार क्षेत्रफळ देणाऱ्या) फाइलमधला ६.७ केईव्हीचा आकडा घ्या.

आता हिशेब. रेषेचा एकूण सिग्मा ६.५ भागिले २.३५५ = २.७६ ईव्ही. आयामातली चूक = सिग्मा × √(२ ÷ रेषेतले एकूण फोटॉन). आयाम ±२ किमी/से हवा तर चूक ०.०४५ ईव्ही, आणि त्यासाठी रेषेत साधारण ७,६०० फोटॉन लागतात. खाली पसरलेल्या अखंड वर्णपटामुळे आणि शेजारच्या रेषांच्या सरमिसळीमुळे यात भर घाला. फेजचे खाने दहा केलेत काय आणि पंधरा केलेत काय, एकूण फोटॉन तेवढेच, त्यामुळे चुकीत फारसा फरक नाही. पण सहाच्या खाली जाऊ नका. दहा खान्यांत प्रत्येक खाना ५९० सेकंदांचा होतो आणि त्यात वेग जास्तीत जास्त ३६ किमी/से बदलतो, ते चालतं.

रेषा एकच आहे असं धरूनही चालत नाही. ६.७ केईव्हीला खरं तर चौकडी आहे: ६७००.४, ६६८२.३, ६६६७.६ आणि ६६३६.६ ईव्ही, आणि मध्येमध्ये लिथियमसारख्या लोखंडाच्या उपरेषा. एकच गाऊसियन बसवलात तर तापमान फेजनुसार थोडं बदललं तरी 'केंद्र' सरकल्यासारखं दिसतं, आणि तो खोटा वेग असतो. पूर्ण मॉडेल सरकवा, रेषा सुटी सरकवू नका.

निरीक्षणकाळ किती धरावा, हे मात्र फोटॉनवर ठरवू नका. ईएक्स हायड्रीत दोन घड्याळं आहेत. वायू चुंबकी ध्रुवांवर कोसळतो, आणि ते ध्रुव ६७.०३ मिनिटांनी फिरतात. ०.८ सौरवस्तुमानाच्या, ७,००० किमी त्रिज्येच्या श्वेतबटूवर अनंतातून पडणाऱ्या वायूचा वेग ५,५०० किमी/से. धक्क्यानंतर त्याचा चतुर्थांश, म्हणजे १,४०० च्या आसपास. ईएक्स हायड्रीत वायू फार उंचावरून पडत नाही, त्यामुळे वेग याहून कमी, आणि दोन्ही ध्रुवांचे वेग बरेचसे एकमेकांना खोडतात. पण पूर्ण खोडत नाहीत. उरलेले काही दहा किमी/से तुमचे ५८ बिघडवायला पुरेसे आहेत.

आता दोन्ही काळांचं गुणोत्तर बघा: ९८.२६ ÷ ६७.०३ = १.४६६. जवळजवळ दीड. म्हणजे दोन प्रदक्षिणा आणि तीन फिरक्या जवळपास एकदमच संपतात. तुमच्या २० किलोसेकंदांत कक्षेच्या ठरावीक फेजला फिरकीच्या दोन-चारच फेज येतात, आणि फिरकीचा वेग सरळ कक्षेच्या वेगात मिसळतो. फिट उत्तम दिसेल, आणि आकडा चुकीचा असेल. सुटका अशी: १५ प्रदक्षिणा = १,४७३.९ मिनिटं, २२ फिरक्या = १,४७४.७ मिनिटं. एका मिनिटाच्या आत जुळतात. १५ प्रदक्षिणांत कक्षेच्या प्रत्येक फेजला फिरकीच्या पंधरा समान अंतरावरच्या फेज मिळतात. म्हणून निरीक्षणकाळ ८८.४ किलोसेकंद, सलग. ४० नको, ६० नको. आणि फिटमध्ये दोन्ही घड्याळं एकत्र ठेवा: स्थिर वेग + कक्षेची साइन + फिरकीची साइन.

सिम्युलेशनमध्ये ८८.४ किलोसेकंदांचे ३०० सेकंदांचे सुमारे २९५ तुकडे करा. प्रत्येकाला त्या क्षणाचा एकूण वेग व्हीअ‍ॅशिफ्टमध्ये देऊन फेकइट करा, आणि मग आधी कक्षेच्या, नंतर फिरकीच्या फेजवर एकत्र करा. पायएक्सस्पेकमध्ये (एक्सस्पेकचं पायथॉन रूप) ही एक लूप आहे.

---

पन्नास_मिलिकेल्विन

सलग ८८ किलोसेकंद या मुद्द्यावर थोडं थांबायला हवं, कारण कमी उंचीच्या कक्षेत ते मिळतच नाहीत. एक्सरिझम साधारण ५७५ किमी उंचीवरून ९६ मिनिटांत पृथ्वीभोवती फिरतो. प्रत्येक फेरीत तारा पृथ्वीआड जातो, शिवाय दक्षिण अटलांटिकच्या पट्ट्यात डेटा टाकून द्यावा लागतो. ईएक्स हायड्रीची कक्षा ९८.२६ मिनिटांची. दोन आकडे इतके जवळ आहेत की खंड दर वेळी कक्षेच्या जवळजवळ त्याच फेजवर पडतो आणि हळूहळू सरकत सगळ्या फेज झाकायला जवळजवळ तीन दिवस लागतात. अ‍ॅस्ट्रोसॅटची फेरी तर सुमारे ९७.७ मिनिटांची. तिथे हे सरकणं दहा-बारा दिवसांचं आहे! एका दिवसाच्या निरीक्षणात कक्षेचा एक मोठा तुकडा कायमचा रिकामा राहतो. न्यूअथेना पृथ्वीपासून १५ लाख किमीवर लाग्रांज बिंदूभोवती असेल. या ताऱ्यासाठी हा फायदा क्षेत्रफळाइतकाच मोठा आहे, आणि अहवालात तो स्वतंत्र परिच्छेदात यायला हवा.

आता वेगाची शून्यरेषा. कॅलोरिमीटर ५० मिलिकेल्विनच्या आसपास चालतो. फोटॉन पडला की शोषक किंचित तापतो आणि त्या तापण्यावरून ऊर्जा मिळते. थंड करण्याच्या चक्रानंतर गेन (संकेतावरून ऊर्जा काढण्याचं प्रमाण) सरकत जातो. रिझॉल्व्हमध्ये त्यासाठी लोह-५५चा स्रोत फिल्टरच्या चाकावरून अधूनमधून समोर आणतात आणि मँगनीजच्या ५.९ केईव्हीच्या रेषेवर गेन बांधतात. दोन मापनांमध्ये गेन कसा वाकला हे गृहीत धरावं लागतं. ऊर्जेच्या पट्टीतली सर्वसाधारण अनिश्चितता ०.३ ईव्हीच्या घरात धरा, म्हणजे ६.७ केईव्हीला १३ किमी/से. कक्षेच्या आयामाला हे फारसं बाधत नाही, कारण स्थिर चूक तुमच्या स्थिर पदात जाते. पण सिम्युलेशनमध्ये गेनचा संथ सरकाव, समजा २४ तासांत ०.२ ईव्ही, मुद्दाम घालून बघा. १५ प्रदक्षिणांवर तो बराच पुसला जातो, तीन प्रदक्षिणांवर जात नाही.

पृथ्वीचा वेग विसरू नका. ईएक्स हायड्री क्रांतिवृत्तापासून सुमारे २२ अंश दक्षिणेला आहे, त्यामुळे पृथ्वीच्या वार्षिक गतीचा दृष्टिरेषेतला भाग ±२८ किमी/से, म्हणजे ०.६ ईव्ही. आणि क्ष-किरण दुर्बिणी सूर्यापासून साधारण काटकोनातच बघू शकतात (एक्सरिझमला ६० ते १२० अंश), म्हणजे नेमकी हा वेग सर्वांत जास्त असतो तेव्हाच! सूर्यकेंद्री दुरुस्ती आपोआप झाली आहे असं समजू नका. वेळेची बॅरीसेंटर दुरुस्ती आणि ऊर्जेची दुरुस्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; पहिली केली म्हणून दुसरी होत नाही.

६.४ केईव्हीची रेषा तुमच्या यादीत दिसली नाही. ती घ्या. श्वेतबटूच्या थंड पृष्ठभागावर क्ष-किरण आपटून ती निघते. पृष्ठभागावरून निघालेल्या प्रकाशाला गुरुत्वीय तांबडी सरक असते: ०.८ सौरवस्तुमान आणि ७,००० किमीसाठी ५० किमी/से, म्हणजे १.१ ईव्ही. यातून वस्तुमान थेट मिळतं, पण इथे मात्र ऊर्जेची निरपेक्ष पट्टी लागते, आणि १.१ ईव्हीवर ०.३ ईव्हीची चूक म्हणजे पाव भाग अनिश्चित. शिवाय ही रेषा एक नाही, दोन आहेत: ६४०३.८ आणि ६३९०.८ ईव्ही, दोनास एक प्रमाणात. दोन्ही नैसर्गिक रुंदीसह बसवा. पृष्ठभागावर पडण्याआधीच्या वायूच्या पडद्यातूनही थोडी ६.४ येते. तो भाग फिरकीच्या फेजनुसार वेगळा हलतो, म्हणून फिरकीचं पद इथेही ठेवा.

फोटॉनच्या गर्दीची भीती ईएक्स हायड्रीला नाही. प्रखर जोड्यांना आहे. रिझॉल्व्हमध्ये एका पिक्सेलवर फोटॉनच्या आधी आणि नंतर सुमारे ७० मिलिसेकंद दुसरा आला नाही तरच त्याला उच्च दर्जा मिळतो. सेकंदाला एक फोटॉन प्रति पिक्सेल असेल तर ८७ टक्के शाबूत राहतात. पाच असतील तर निम्मेच. हंस एक्स-३ सारख्या ४.८ तासांच्या जोडीत हा हिशेब आधी करावा लागतो. एक्स-आयएफयूसाठी प्रखर स्रोतावर फोकस मुद्दाम सोडून प्रकाश अनेक पिक्सेलवर पसरवायची सोय ठेवली आहे. पण तुमच्या प्रकल्पात त्याचं काम नाही.

---

कलिना_सत्र४

खूप आभार. एपेकथर्मल लावलं आणि व्हीअ‍ॅशिफ्ट बाहेरून दिलं, उड्या थांबल्या. २९५ तुकड्यांची लूप चालू केली आहे. दोन शंका. घनता मोजण्याच्या रेषा, १.०५ केईव्हीच्या आसपासच्या लोखंडाच्या, त्याही याच सिम्युलेशनमध्ये घेऊ का? आणि अ‍ॅस्ट्रोसॅटबद्दल कुणी सांगेल का?

---

फेज_आणि_फोटॉन

घ्या, पण वेगासाठी नको, घनतेसाठीच. ११.७७ आणि ११.९२ अँगस्ट्रॉमच्या रेषा म्हणजे १.०५३ आणि १.०४० केईव्ही, अंतर १३ ईव्ही. ४ ईव्हीला त्या सुट्या दिसतात. ईएक्स हायड्रीत चंद्राच्या ग्रेटिंगवरून याच जोडीने १०चा १४वा घात प्रति घनसेमी अशी इलेक्ट्रॉन घनता मिळाली होती. पण कॅलोरिमीटरची विभेदनक्षमता ईव्हीत स्थिर असते आणि ग्रेटिंगची अँगस्ट्रॉममध्ये. ४ ईव्ही म्हणजे ६.७ केईव्हीला १८० किमी/से, तर १.०५ केईव्हीला ११४० किमी/से. तिथे चंद्राचं ग्रेटिंग ३०० किमी/से देतं. मऊ पट्ट्यात वेगासाठी ग्रेटिंग अजून सरस आहे, आणि १९९९ साली सुटलेल्या दुर्बिणीचं हे काम पुढची दुर्बीण पूर्णपणे उचलणार नाही, हे अहवालात स्पष्ट लिहा.

एक्सरिझमचा डेटा यासाठी बघू नका. रिझॉल्व्हसमोरची झडप उघडलेली नाही, तिच्या बेरिलियमच्या खिडकीतून १.७ केईव्हीच्या खालचं जवळजवळ काही येत नाही. ६.७ आणि ६.४ साठी मात्र तो आज उपलब्ध असलेला सर्वांत चांगला नमुना आहे.

---

एसएक्सटी_वाचक

अ‍ॅस्ट्रोसॅट वेगासाठी नाही, हे आधी सांगतो. एसएक्सटीच्या सीसीडीची विभेदनक्षमता ६ केईव्हीला १५० ईव्हीच्या आसपास, म्हणजे ७,५०० किमी/से. एलएक्सपीसीची याहून कितीतरी ढोबळ. पण तुमच्या सिम्युलेशनला खरं इनपुट लागतं: तापमानाचा उतार, मधल्या वायूचं शोषण, फेजनुसार प्रखरता किती बदलते. ते एसएक्सटीतून मिळतं.

ईएक्स हायड्रीसारख्या मंद स्रोतासाठी एलएक्सपीसी बाजूला ठेवा. तो प्रतिमा घेत नाही, एक अंशाच्या क्षेत्रातलं सगळं मोजतो, आणि इथे पार्श्वभूमीची अनिश्चितताच स्रोतावर कुरघोडी करेल. एलएक्सपीसी घ्यायचाच तर न्यूट्रॉन ताऱ्यांच्या प्रखर जोड्यांसाठी घ्या, आणि तेव्हा २० क्रमांकाचा डिटेक्टर वापरा. ३० मधला वायू गळला आणि १० चा गेन २०१८ पासून भरवशाचा राहिला नाही.

एसएक्सटी करताना: एका निरीक्षणाच्या प्रत्येक फेरीची फाइल वेगळी मिळते आणि लागोपाठच्या फायली एकमेकींवर चढलेल्या असतात. न जुळवता बेरीज केली तर तोच फोटॉन दोनदा मोजला जातो, म्हणून आधी मर्जर चालवा. स्रोताभोवती १५ कलेच्या त्रिज्येचं वर्तुळ घ्या; दुर्बिणीची प्रतिमा पसरट आहे, लहान वर्तुळात फोटॉन गमावतात. फिटमध्ये गेनचा उतार १ वर ठेवून फक्त ऑफसेट मोकळा सोडा. काही दहा ईव्ही निघतो. वेळेची पायरी २.३७७५ सेकंद आहे, ९८ आणि ६७ मिनिटांना ती भरपूर. फेज काढण्याआधी एएस१बॅरी चालवा. ही दुरुस्ती ईएक्स हायड्रीसाठी पावणेआठ मिनिटांपर्यंत जाते, म्हणजे कक्षेच्या फेजमध्ये ०.०८. एका दिवसात ती फारशी बदलत नाही, त्यामुळे वक्ररेषेचा आकार बिघडत नाही, पण लाल बटूमुळे होणाऱ्या ग्रहणाची जागा चुकते आणि मग तुमची साइन चुकीच्या शून्यापासून सुरू होते.

शून्य फेज पक्की करण्यासाठी मुंबईतूनही काम होतं. तारा साधारण १३ प्रतीचा, क्रांती उणे २९ अंश, इथून तो ४२ अंशांपर्यंत वर येतो. एप्रिल-मे उत्तम, जूनपासून ढग. शहरात ८ इंची दुर्बीण आणि सीमॉस कॅमेऱ्याने निभेल, वांगणीला गेलात तर जास्त बरं. ग्रहण काही मिनिटांचंच असतं, म्हणून एक्सपोजर २०-३० सेकंदांचं ठेवा आणि लागोपाठ चार-पाच ग्रहणं मिळतील असं बघा. घड्याळ जीपीएसवर लावा. नंतर वेळ यूटीसीतून (नेहमीची घड्याळी वेळ) टीडीबीत (सूर्यमालेच्या वस्तुमानकेंद्राची खगोलीय वेळ) बदला. दोघांत सध्या ६९ सेकंदांचा फरक आहे, आणि क्ष-किरणाचा डेटा टीडीबीत, प्रकाशीय यूटीसीत असं ठेवून जुळवणी केली की ०.०१२ फेजची खोटी सरक दिसते.

हाच ६९ सेकंदांचा घोळ कर्केतल्या एचएम कॅन्क्रीत केलात तर २१ टक्के फेज जाते. तिथे दोन श्वेतबटू ३२१.५ सेकंदांत एकमेकांभोवती फिरतात. तो मऊ स्रोत आहे, ६.७ची रेषा तिथे मागू नका. तिथलं काम वेगळं: वारंवारता सेकंदागणिक ३.६ × १०चा उणे १६वा घात हर्ट्झने वाढते, काळ वर्षाला सुमारे १.२ मिलिसेकंदांनी घटतो. फेजमधला फरक वर्गाने साठतो: एका वर्षात ०.१८ फेरा, दहा वर्षांत जवळजवळ १८ फेरे. लिसा ही गुरुत्वीय लहरींची अवकाश वेधशाळा सुटेल तेव्हा तीच जोडी ६.२ मिलिहर्ट्झला गुरुत्वीय लहरींत दिसेल. न्यूअथेनाचं उड्डाण २०३७ साठी आखलंय, लिसाचं त्याच दशकाच्या मध्यावर, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी काम करण्याची शक्यता खरी आहे. पुढे पीएच.डी.ला हा विषय उचलण्यासारखा आहे, एम.एस्सी.च्या एका सत्रात ईएक्स हायड्रीच करा.

---

कलिना_सत्र४

पहिला निकाल. रेषेत एकूण ७,६०० फोटॉन येतील असा स्रोत धरला. ८८.४ किलोसेकंद, दोन्ही साइन एकत्र: इनपुट ५८, मिळालं ५७.१ ± २.४. फिरकीची साइन काढून टाकली तरी ५७.६ आलं. मग तेच २० किलोसेकंदांवर, फिरकीचा आयाम ४० ठेवून आणि फिटमध्ये फिरकी न घेता केलं, तर ७१ आलं आणि सी-स्टॅटमध्ये काहीच खटकलं नाही.

---

फेज_आणि_फोटॉन

±२.४ योग्य आहे, अखंड वर्णपटाची भर त्यात आली. ७१ चा तो तक्ता अहवालात ठेवा, ८८.४ च्या शेजारीच. मात्र फिरकीची सुरुवातीची फेज एकच धरलीत तर ७१ हा योगायोग ठरू शकतो. ती ० ते १ मध्ये वीस ठिकाणी बदलून प्रत्येक वेळी २० किलोसेकंद पुन्हा चालवा. काही वेळा ५८ च्या वर, काही वेळा खाली येईल. तो पसारा म्हणजे छोट्या निरीक्षणाची खरी चूक, आणि ती फिटने सांगितलेल्या चुकीपेक्षा किती मोठी आहे ते शेजारच्या स्तंभात लिहा.